एका इंजिनाचा कुलवृत्तान्त

इतिहासाच्या अभ्यासकास जुना ताम्रपट हातीं आला म्हणजे त्यावरील राजाचें नांव वाचून त्याचें समाधान होत नाहीं. अक्षरांचें वळण, तिथिवारांचा मेळ, पत्र्याची घडण, मुद्रेची कडी हीं सर्व एकमेकांची साक्ष देतात किंवा नाहीं, हें तो आधीं पाहतो. कारण राजाचें नांव कोणासहि कोरतां येतें. आमच्याकडे बनावट सनदांची परंपरा अस्सल सनदांइतकीच जुनी आहे, आणि खऱ्या मुद्रेखालीं खोटा मजकूर चिकटविण्याची कलाहि कांहीं परदेशांतून आलेली नाहीं. जुन्या अवजड मालमोटारीचें इंजिन ओळखण्याचा उद्योग ह्याच जातीचा आहे असें म्हटलें तर कांहीं वाचकांस हंसूं येईल. तेलानें माखलेल्या लोखंडाच्या ढिगास ताम्रपटाच्या पंक्तीस बसविणें त्यांस रुचणार नाहीं. परंतु साधनांची परीक्षा ही साधन कोणत्या धातूचें आहे ह्यावर अवलंबून नसते.

प्रथम अडचण कोणती तें सांगतों. आपणांकडे मोटारीवर जें नांव असतें तेंच बहुधा तिच्या इंजिनाचेंहि असतें. अमेरिकेंतील अवजड ट्रकांची गोष्ट निराळी. मॅकसारखे कांहीं कारखाने स्वतःचें इंजिन स्वतः ओतीत. पण केनवर्थ, पीटरबिल्ट ह्यांसारखे पश्चिम किनाऱ्याकडील कारखाने सांगाडा, बैठक व धुरा ह्यांची जुळणी करीत, आणि इंजिन गिऱ्हाईक सांगेल तें बाहेरून आणून बसवीत. तेव्हां तोंडावर 'केनवर्थ' अशीं अक्षरें झळकत असलीं तरी त्यावरून पोटांत काय आहे ह्याचा बोध होत नाहीं. शिवाय असा ट्रक तीस-तीस, चाळीस-चाळीस वर्षें राबतो. तेवढ्या अवधींत इंजिन एकदां, दोनदां बदललें जातें. एकाचें हेड दुसऱ्यावर चढतें. नांवाची पट्टी गळून पडते किंवा मोडीत निघालेल्या सोबत्याची पट्टी ह्यावर येऊन बसते. असा ट्रक कोणा शेताच्या कडेला गवतांत सांपडला आणि तो पुन्हा चालता करावा अशी एखाद्यास इच्छा झाली, म्हणजे पहिला प्रश्न दुरुस्तीचा नसतो. हें कोण आहे, हा असतो. त्याचें उत्तर चुकलें तर पुढील सर्व खर्च व श्रम व्यर्थ. भलत्या मापाचे पिस्टन येतात, भलतें गॅस्केट बसतें, आणि इंधन भलत्या क्षणीं फवारलें जाऊन मोठ्या कष्टानें उभें केलेलें इंजिन पहिल्याच चढावर दगा देतें.

ह्या ट्रकांच्या पोटांत जीं इंजिनें वारंवार आढळतात त्यांत कमिन्स घराणें मोठें आहे, आणि त्याचा वृत्तान्त सांगण्याजोगा आहे.

रूडॉल्फ डिझेल ह्याचें इंजिन १८९७ मध्यें आउग्सबुर्ग येथें यशस्वी रीतीनें चाललें. पण इंधन आंत फवारण्यास त्याला दाबलेल्या हवेचें साहाय्य लागे, व त्यासाठीं निराळा हवेचा पंप जवळ बाळगावा लागे. असें धूड कारखान्यांत किंवा जहाजांत शोभे, रस्त्यावर नव्हे. १९२३-२४ मध्यें जर्मनींत बेन्झ व मान ह्या कारखान्यांनीं डिझेलवर चालणारे ट्रक सिद्ध केले, आणि १९२७ पासून रॉबर्ट बॉश ह्याच्या कारखान्यांतून इंधनाचा उच्च दाबाचा पंप मोठ्या संख्येनें बाहेर पडूं लागला, तेव्हां यूरोपांत ही वाट मोकळी झाली. अमेरिकेंत पेट्रोल स्वस्त. तेथें डिझेलची निकड कोणासच वाटत नव्हती.

इंडियाना संस्थानांतील कोलंबस हें एक लहान गांव. तेथील डब्ल्यू. जी. आयर्विन नांवाच्या सावकाराच्या पदरीं क्लेसी कमिन्स नांवाचा मोटारहांक्या होता. जन्म १८८८ चा, शाळा फारशी झालेली नाहीं, पण यंत्राची जाण उपजत. ह्या धन्याच्या भांडवलावर त्यानें १९१९ मध्यें इंजिनाचा कारखाना काढला. आरंभीचीं वर्षें हलाखीचीं गेलीं. सीअर्स-रोबक ह्या सुप्रसिद्ध पेढीमार्फत शेतकऱ्यांस विकलेलीं लहान इंजिनें, हंगाम आटोपतांच 'पसंत नाहीं' म्हणून परत येऊं लागलीं. पसंत नसल्यास पैसे परत, अशी पेढीची हमी असल्यामुळें शेतकऱ्यांचें कांहीं जात नव्हतें, जात होतें तें कमिन्सचें. दहा वर्षें आयर्विन पैसा ओतीत राहिला. पुढें १९२९ च्या अखेरीस, बाजार कोसळून सावकाराचा धीर सुटण्याची वेळ आली असतां, क्लेसीनें एका जुन्या पॅकार्ड गाडींत स्वतःचें डिझेल इंजिन बसवून धन्यालाच त्यांतून फिरवून आणलें. जानेवारी १९३० मध्यें तीच गाडी तो इंडियानांतून न्यूयॉर्कला घेऊन गेला. सुमारें आठशें मैलांच्या प्रवासास इंधनाचा खर्च एक डॉलर अडतीस सेंट. दुसऱ्या वर्षीं इंडियानापोलिसच्या पांचशें मैलांच्या शर्यतींत त्याची गाडी इंधनासाठीं एकदांहि न थांबतां पूर्ण अंतर धांवली. क्रमांक तेरावा आला. पण न थांबतां ती शर्यत पुरी करणारी ती पहिलीच गाडी ठरली. जाहिरात कशी करावी हें ह्या गृहस्थास कोणी शिकवावें लागलें नाहीं. मात्र ट्रकवाल्यांचीं मनें वळलीं तीं शर्यतीनें नव्हे, हिशेबाच्या वहीनें. कॅलिफोर्नियाकडील लांबलचक डोंगरी रस्त्यांवर इंधनाचा खर्च हाच धंद्याचा नफातोटा ठरवी, आणि १९३३ मध्यें केनवर्थनें कमिन्स डिझेल इंजिन आपल्या कारखान्यांतूनच बसवून देण्यास प्रारंभ केला, तो ह्या गिऱ्हाइकांच्या बळावर.

आतां ओळखीकडे वळूं. ह्याच सुमारास क्लेसीनें 'एच्' नांवाचें मोठें इंजिन काढलें, आणि पुढील अनेक दशकें त्याच्या अवजड इंजिनांची वंशावळ ह्या एका मूळ पुरुषापासून वाढली. ह्या घराण्याची एक खूण कधीं बदलली नाहीं: पिस्टनची धांव सहा इंच. बदलत गेला तो नळकांड्याचा व्यास. मूळ एच् इंजिनांत तो पांच इंचांस एक सूत कमी होता. पुढें पांच इंच एक सूत झाला. आणि शेवटीं साडेपांच इंच. सहा नळकांड्यांचें एकूण आकारमान काढावयाचें तर शाळेंतील गणित पुरे: व्यासाचा वर्ग, त्यास पायचा चतुर्थांश, त्यास धांव, त्यास सहा. उत्तरें येतात तीं अनुक्रमें ६७२, ७४३ व ८५५ घनइंच. म्हणजे सुमारें अकरा, सव्वाबारा व चौदा लिटर. बाहेरून पाहतां तिन्ही भावंडें एका तोंडवळ्याचीं. सारा फरक काय तो पांच सुतांचा, पण तेवढ्यानें आकारमान सव्वापटींहून अधिक वाढतें.

हें माप विश्वासार्ह कां, हें सांगितलें पाहिजे. पुष्कळ इंजिनांत झिजलेलें नळकांडें कांतून मोठें करतात, व मूळ माप नाहींसें होतें. ह्या घराण्यांत ओतीव ब्लॉकमध्यें निराळी नळी बसविलेली असते, तिच्या भोंवतीं थेट पाणी खेळतें, आणि ती झिजली म्हणजे काढून तशीच नवी बसवितात. मिस्त्री तिला 'वेट लायनर' म्हणतात. त्यामुळें तीन पिढ्यांनीं हात लावलेल्या इंजिनांतहि व्यास बहुधा मूळचाच सांपडतो. हेड उतरवून व्यासमापक आंत घातला कीं पट्टी खरें बोलते किंवा खोटें, ह्याचा निकाल लागतो.

पट्टी मात्र वाचतां यावी लागते, आणि येथें भल्याभल्यांची फसगत होते. पट्टी असते ती इंजिनाच्या पुढील बाजूस, दातेरी चाकांच्या आवरणावर. तिच्यावर 'एच्‌बी-६००' असें असलें तर सहाशें ही अश्वशक्ति समजावयाची नाहीं. तो केवळ सहा नळकांड्यांचा निर्देश आहे. चार नळकांड्यांच्या भावंडावर त्याच ठिकाणीं ४०० असे. 'एन्‌एच्-२२०' असें असलें तर मात्र २२० ही अश्वशक्तिच. आणि 'एन्‌टी-८५५' मधील ८५५ हे घनइंच. एकाच कारखान्याच्या पट्टीवरील आंकडा एका काळीं नळकांडीं मोजतो, दुसऱ्या काळीं बळ मोजतो, तिसऱ्या काळीं आकारमान. ज्यांनीं मराठी दफ्तरांत शालिवाहन शक, फसली व सुहूर ह्यांच्या गुंत्यांत रात्री घालविल्या आहेत, त्यांस ह्याचें नवल वाटणार नाहीं. आंकडा कोणत्या काळगणनेंतला हें ठरल्याखेरीज तो वाचलाच असें होत नाहीं. अक्षरांचें काम त्यापेक्षां सोपें. 'एन्‌एच्' हें एका नळकांड्यास दोनऐवजीं चार व्हॉल्व्ह असलेल्या हेडाचें घराणें; 'एस्' म्हणजे पट्ट्यानें किंवा चाकांनीं फिरविलेला हवेचा पंप जोडलेला; 'टी' म्हणजे धुराच्या जोरावर फिरणारा टर्बो.

पट्टीच हरवली असेल तर? मग इंधनाच्या नळ्या मोजाव्या. क्लेसीनें बॉशची उच्च दाबाची पद्धति स्वीकारली नाहीं. त्याच्या इंजिनांत इंधन इंजेक्टरपर्यंत बेताच्या दाबानें येतें, आणि तें नळकांड्यांत दामटून फवारण्याचें काम खुद्द इंजेक्टरच करतो. त्याचा दांडा कॅमशाफ्ट, काठी व रॉकर ह्यांच्या द्वारें खालीं दाबला जातो. म्हणून येथें प्रत्येक नळकांड्यास कॅमचे दोन नव्हे, तीन उंचवटे: एक हवेच्या व्हॉल्व्हचा, एक धुराच्या, तिसरा इंजेक्टरचा. जुन्या पंपांत एक, आणि त्यानंतरच्या पंपांत दोन फिरत्या चकत्या असत. त्या प्रत्येक नळकांड्याचा वांटा मोजून निरनिराळ्या नळीनें पाठवीत. तेव्हां पंपापासून सहा नळ्या सहा दिशांस गेल्या असतील तर तो चकतीचा पंप. १९५४ मध्यें आलेल्या 'पीटी' पंपानें हा सर्व पसारा मोडला. दाब आणि काळ ह्या दोहोंवर इंधनाचें प्रमाण ठरावयाचें, एवढेंच त्याचें तत्त्व: नळींतील दाब पंपानें राखावा, आणि इंजेक्टरचें तोंड किती वेळ उघडें राहील हें इंजिनाच्या गतीनें ठरवावें. त्यामुळें सर्व इंजेक्टरांस मिळून एकच पुरवठ्याची वाट व एकच परतीची वाट पुरते. ह्या वाटा हेडाच्या बाहेरून नळ्यांनीं गेल्या असतील तर हेड जुन्या घडणीचें. हेडाच्या ओतकामांतच छिद्रें पाडून नेल्या असतील तर नंतरचें. मात्र जुन्या इंजिनांवरहि पुढें पीटी पंप चढविले गेले, म्हणून पंपावरून इंजिनाचें वय सांगणें म्हणजे पागोट्यावरून माणसाची जात सांगण्यासारखें आहे. पुष्कळदां बरोबर येतें, आणि चुकतें तेव्हां पुरतें चुकतें.

ह्या तिसऱ्या उंचवट्याचा एक उपयोग पुढें असा निघाला कीं तो सांगितल्याशिवाय मला पुढें जाववत नाहीं. ऑगस्ट १९३१ मध्यें क्लेसी दोन सोबत्यांसह आपल्या इंजिनाचा एक ट्रक घेऊन न्यूयॉर्कहून लॉस एंजेलिसला निघाला होता. कॅलिफोर्नियांत कॅहोन नांवाचा घाट आहे. वाळवंटाच्या पठारावरून रस्ता तेथें सॅन बर्नार्डिनोच्या बाजूस एकदम खालीं घसरतो. उतारावर ब्रेक तापले व निकामी झाले. पेट्रोलच्या इंजिनास उतारावर जी स्वाभाविक अटक होते ती डिझेलला फारशी होत नाहीं, कारण त्याच्या हवेच्या वाटेवर झडप नसते. गाडी सुटली ती सुटली. पायथ्याशीं रेल्वेचे रूळ रस्त्यास आडवे, आणि त्यांवरून त्याच क्षणीं एक मालगाडी जात होती. तिचा शेवटचा डबा निघून गेला आणि मागोमाग ट्रक रूळ ओलांडून गेला. मध्यें अंतर कांहीं इंचांचें. बोरघाट उतरणाऱ्या आमच्या लोकांस ह्या प्रसंगाचें अधिक वर्णन करून सांगण्याची गरज नाहीं.

हा प्रसंग त्यानें मनांत जपून ठेवला, तो जवळजवळ पंचवीस वर्षें. १९५५ मध्यें कंपनींतून निवृत्त झाल्यावर तो ह्याच एका प्रश्नामागें लागला: जें इंजिन चढावर ओढतें त्यानेंच उतारावर आवरावें कसें? डिझेल इंजिन हवा अत्यंत दाबतें, त्यांत शक्ति खर्च होते. पण ती दाबलेली हवा पिस्टनला परत खालीं ढकलून ती शक्ति फेडते. दाब पूर्ण होत आला असतां नेमक्या त्याच क्षणीं धुराचा व्हॉल्व्ह किंचित् उघडला तर हवा निघून जाईल, फेड होणार नाहीं, आणि इंजिन हें ओढणारें यंत्र न राहतां चाकांच्या बळानें फिरणारा हवेचा पंप बनेल. पण त्या क्षणीं व्हॉल्व्ह उघडणार कोण? त्याच्या स्वतःच्या इंजिनांत इंजेक्टरचा उंचवटा बरोबर त्याच वेळीं वर येत होता. ती हालचाल तेलाच्या दाबानें शेजारच्या व्हॉल्व्हकडे वळविणें एवढेंच बाकी होतें. ड्रिलचीं चकें बनविणाऱ्या जेकब्स कंपनीनें १९६१ मध्यें हें साधन बाजारांत आणलें, आणि 'जेक ब्रेक' ह्या नांवानें तें सर्वत्र पसरलें. जुन्या एन्‌एच् इंजिनाच्या रॉकरपेट्या नेहमींपेक्षां उंच दिसल्या तर खालीं हें साधन आहे असें समजावें. तीस वर्षें आधीं केवळ इंधन फवारण्यासाठीं योजिलेला भाग अखेर प्राणरक्षणाच्या कामीं आला. बुद्धिमंताची दूरदृष्टि म्हणून कोणी ह्याचा गौरव करतात. मला तो योगायोगच वाटतो, पण योगायोग ओळखण्यासहि घाट उतरलेला माणूस लागतो.

दुरुस्तीचें बोलावयाचें तर तिचें पहिलें तत्त्व उतावीळपणें कांहीं पुसूं नये हें आहे. इंजिन खोलतांना जो मळ, जे कागद, जे पत्रे निघतात त्यांतच मागील मिस्त्र्यांचें दफ्तर असतें. बेअरिंगच्या वाट्या उलट्या केल्या म्हणजे पाठीवर करणाराची खूण व माप सांपडतें. तेथें दहा किंवा वीस हजारांश इंच 'लहान' असें माप असेल तर क्रँकशाफ्ट एकदां किंवा दोनदां घासून घेतला आहे, हें निश्चित. लायनर बाहेर काढून त्याच्या पाण्याकडील अंगावरून बोट फिरवावें. देवीच्या वणांसारखे खड्डे लागले तर त्यांचें कारण गंज नव्हे, किंवा निव्वळ गंज नव्हे: पिस्टनच्या धक्क्यानें लायनर थरथरतो, पाण्यांत सूक्ष्म बुडबुडे उठतात, आणि ते फुटतांना लोखंडाचा कण कण उडवितात. पाण्यांत योग्य औषध घालण्याची हयगय झाली कीं हे खड्डे आरपार जातात, पाणी तेलांत उतरतें, आणि तेल ताकासारखें पांढुरकें होतें. पुष्कळांस वाटतें कीं नवा लायनर ठोकला म्हणजे झालें. परंतु ज्या कंगोऱ्यावर त्याचा गळा टेकतो तो ब्लॉकमधील कंगोरा खचलेला असेल तर नवा लायनरहि खालींच बसेल. लायनरचें तोंड ब्लॉकच्या पृष्ठाच्या वर तीन ते सहा हजारांश इंच राहिलें पाहिजे, तरच हेड आवळल्यावर गॅस्केट सर्वत्र सारखें दाबलें जातें. एवढासा उंचवटा डोळ्यांस दिसत नाहीं, बोटास जेमतेम कळतो. तो साधला नाहीं म्हणून चांगलीं इंजिनें पुन्हा पुन्हा फुंकलेलीं आहेत. कंगोरा कांतून साफ करणें आणि खालीं पत्र्याचीं कडीं घालून उंची भरून काढणें हें कंटाळवाणें काम आहे, आणि सर्व दुरुस्तींत महत्त्वाचें तेंच आहे.

ज्या पेटींत कॅमवरून सरकणारे अनुयायी बसतात, ती पेटी ब्लॉकला लावतांना मध्यें कागदी गॅस्केटें घालतात. सामान्य इंजिनांत गॅस्केट म्हणजे तेल गळूं नये म्हणून घातलेला कागद. येथें त्याच्या जाडीवर इंजेक्टर कोणत्या क्षणीं दाबला जाईल हें ठरतें. कारखान्यांत मोजून घातलेला हा थर कोणी नवशिक्यानें खरडून टाकला, आणि जाडी न टिपतां दुसरा घातला, तर सर्व भाग अस्सल असूनहि इंजिन धूर ओकतें किंवा ठोके देतें. एका वृद्ध मिस्त्र्यानें मला सांगितलें कीं तो जुनीं गॅस्केटें खिळ्याला टांगून ठेवी, आणि इंजिन सुरू होऊन आठ दिवस उलटल्याशिवाय फेकीत नसे. कागद राखण्याची ही दक्षता आमच्या कित्येक संस्थानिकांच्या दफ्तरदारांनीं दाखविली असती तर मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें मिळविण्यासाठीं राजवाड्यांस गांवोगांवचे माळे धुंडाळावे लागले नसते.

हा मिस्त्री पुण्याचा, ह्यांतहि नवल नाहीं. १९६२ मध्यें किर्लोस्कर आणि कमिन्स ह्यांच्या भागींत पुण्यास कारखाना निघाला, आणि कोथरूडला ह्याच सहा इंची धांवेचीं इंजिनें तयार होऊं लागलीं. येथें त्यांचा संचार मालमोटारींत फारसा झाला नाहीं. वीज उत्पन्न करणाऱ्या संचांत व बांधकामाच्या यंत्रांत तीं राबलीं. त्यामुळें ह्या मातींतील कित्येक माणसांस एन्‌एच् घराण्याचें अंतरंग ठाऊक झालें, पण ज्या ट्रकांसाठीं तें जन्मास आलें ते त्यांनीं चित्रांतच पाहिले.

एक वाद उरतो. मूळचें ६७२ घनइंची इंजिन जाऊन ज्यांत ७४३ घनइंची एन्‌एच् येऊन बसलें, आणि त्याच इंजिनावर ज्यानें पुढें वीस वर्षें मजुरी केली, त्या १९३० च्या दशकांतील ट्रकास आतां कोणतें इंजिन द्यावें? शुद्धतावादी म्हणतात, जन्मतारखेचें. त्यासाठीं ते कोठून तरी एच् इंजिन पैदा करतात, आणि चालतें एन्‌एच् भंगारांत काढतात. मला हें पटत नाहीं. देवळाचा सभामंडप पेशवाईंतला म्हणून तो पाडून यादवकालीन गाभारा तेवढा उघडा ठेवा, असें कोणी सुज्ञ म्हणत नाहीं. दुसरें इंजिन हा त्या ट्रकाच्या आयुष्यांतील खरा प्रसंग आहे. तें कोणा मालकानें, बहुधा उसनवारी करून, अधिक ओझें अधिक वेगानें चढावर नेतां यावें म्हणून बसविलेलें असतें. खोटेपणा आहे तो एकाच गोष्टींत: एन्‌एच् इंजिनावर एच्‌ची पट्टी ठोकण्यांत. मोडीच्या बाजारांत जुन्या पट्ट्या सुट्या मिळतात, आणि त्यांस किंमत येते, ह्यावरून काय तें समजावें.

जुळणी पुरी झाल्यावर शेवटचें काम टॅपेट व इंजेक्टर लावण्याचें. पुढील कप्पीवर १-६, २-५, ३-४ अशा तीन खुणा असतात, आणि प्रत्येक खूण दोन नळकांड्यांस मिळून एक. पैकीं ह्या फेऱ्यांत पाळी कोणाची, हें ज्याचे हवेचे व धुराचे दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असतील त्यावरून ओळखावयाचें. मग १, ५, ३, ६, २, ४ ह्या क्रमानें एकेकास घ्यावयाचें. आधीं इंजेक्टर, नंतर दोन व्हॉल्व्हांवर आडवा टेकणारा पूल, सर्वांमागून फट. जुन्या रीतींत इंजेक्टरचा स्क्रू लहानशा टॉर्क-पान्यानें इंच-पौंडांत मोजून आवळीत. सहाहि झाले म्हणजे पुन्हा पहिल्यापासून तपासीत, कारण पहिला लावला तेव्हांचा हात आणि सहावा लावला तेव्हांचा हात एक नसतो. रॉकरपेट्या बंद करण्यापूर्वीं इंधन बंद ठेवून इंजिन नुसतें फिरवावें, आणि तेलाच्या दाबाचा कांटा वर आला, रॉकरांवर तेल ओघळूं लागलें, म्हणजे मगच इंधनाची वाट उघडावी.